टॉवेल कारखान्याचे अवसायन : सोलापुरातील एका नादार कंपनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल आणि नॅपकिन विणणाऱ्या एका नादार (देणी फेडू न शकणाऱ्या) खासगी मर्यादित कंपनीच्या अवसायनाचे, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवत कंपनी बंद करण्याचे, आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत, आणि रकमा ढोबळ ठेवल्या आहेत. प्रस्तुत लेखक सूत व्यापाऱ्यांच्या बाजूने सल्लागार होता; त्यामुळे त्यांची बाजू जवळून आणि बँकेची थोडी लांबून दिसली, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

कंपनी दोन भावांची. वडिलांच्या भागीदारी पेढीतून ती उभी राहिली आणि पुढे बँकेचे मुदत कर्ज काढून तिने साध्या यंत्रमागांच्या जोडीला रॅपिअर लूम बसवले. माल मुख्यतः हॉटेलांना पुरवठा करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांकडे आणि मुंबईच्या एका निर्यातदाराकडे जाई. सूत मात्र सगळे स्थानिक बाजारातून उधारीवर येई. उधारी कागदावर ४५ दिवसांची असली, तरी प्रत्यक्षात जुने बिल फेडले की नवी गाडी उतरे आणि थकलेली रक्कम तशीच पुढे सरके.

घसरण २०२२ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. त्या वर्षी कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो रुई, एक लाख रुपयांच्या वर गेली आणि सुताचे भाव तिच्या मागोमाग चढले. कंपनीने निर्यातदाराला सहा महिन्यांचा भाव आधीच बांधून दिला होता. प्रत्येक डझनामागे तोटा सोसून माल पाठवला गेला, त्यातच निर्यातदाराने दर्जाची तक्रार काढून पैसे अडवले. मार्च २०२३ मध्ये बँकेने खाते अनुत्पादित (थकीत) ठरवले, मे महिन्यात माग थांबले आणि जूनमध्ये, न्यायालयात न जाता बँकेला तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस आली.

अडचण

माग थांबले तेव्हा देणी सुमारे ६ कोटी ९० लाखांची होती. त्यात बँकेचे ३ कोटी ६० लाख, अकरा सूत व्यापाऱ्यांचे १ कोटी ८५ लाख, सायझिंग (सुताला खळ देणारे), डायहाउस (रंगाई) आणि किरकोळ पुरवठादारांचे २५ लाख, कामगारांचे ३५ लाख (यात भविष्य निर्वाह निधीचे ५ लाख धरले आहेत), वीजबिल आणि वस्तू व सेवा कराचे २५ लाख, आणि संचालकांच्या कुटुंबीयांनी दिलेल्या बिनतारण कर्जाचे ६० लाख होते.

ताळेबंदात मालमत्ता ६ कोटी ९५ लाखांची दिसत होती. सगळा घोळ या पाच लाखांच्या कागदी शिलकीने केला. यंत्रे घसारा वजा जाता दोन कोटींच्या वर दाखवलेली होती, पण जुन्या लूमच्या बाजारात त्यांना त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही किंमत येण्याजोगी नव्हती. येणे बाकीत निर्यातदाराकडे अडकलेली, वादातली रक्कम पूर्णच्या पूर्ण धरलेली होती. गाळ्याची जमीन एमआयडीसीची, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची. ती विकायची म्हणजे महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क आले. प्रामाणिक हिशेब केला तर हाती ३ कोटी ८० लाखांच्या आसपास येतील, असा आमचा अंदाज होता.

जुलै २०२३ मध्ये सर्व धनकोंना, म्हणजे कंपनीकडून पैसे येणे असणाऱ्यांना, तिचे पत्र आले. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ खाली कंपनी ऐच्छिक अवसायनात काढायची आहे, सोबतच्या संमतिपत्रावर सही करून पाठवावी, असा त्याचा आशय होता. व्यापाऱ्यांपुढे प्रश्न आला तो या सहीचा.

समोर असलेले पर्याय

कलम ५९ चा रस्ता मुळात नादार कंपनीसाठी नाही. कंपनीने देणे चुकवलेले नसावे, ही त्याची पहिली अट आहे. बहुसंख्य संचालकांनी शपथपत्रावर सांगावे लागते की कंपनीला देणे नाही, किंवा असलेले सर्व देणे मालमत्ता विकून पूर्ण फिटेल आणि हे अवसायन कोणाला फसवण्यासाठी नाही. त्यानंतर चार आठवड्यांत भागधारकांचा विशेष ठराव आणि ठरावानंतर सात दिवसांत, देण्याच्या मूल्याने दोन तृतीयांश धनकोंची मान्यता लागते. पुढे अवसायकाला (अवसायन पार पाडणाऱ्या व्यावसायिकाला) देणी पूर्ण फिटणार नाहीत असे आढळले, तर त्याने राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊन प्रक्रिया स्थगित करण्याची मागणी करायची असते. बँकेचे खाते थकलेल्या या कंपनीला पहिल्याच अटीवर दार बंद होते.

मग हा मसुदा आला कुठून? कंपनीचे जुने हिशेबतपासनीस १९५६ च्या कंपनी कायद्यात मुरलेले गृहस्थ होते. त्या कायद्यात ऐच्छिक समापनाचे (स्वतःहून कंपनी गुंडाळण्याचे) दोन प्रकार होते : संचालकांनी सक्षमतेची घोषणा केली तर भागधारकांचे, न केली तर धनकोंचे. दुसऱ्या प्रकारात ठरावाच्या सभेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धनकोंची सभा बोलवावी लागे, राजपत्रात आणि दोन वर्तमानपत्रांत तिची जाहिरात द्यावी लागे, अवसायकाच्या निवडीत धनकोंचा शब्द चाले आणि त्यांना पाच जणांपर्यंतची तपासणी समिती नेमता येई. म्हणजे नादार कंपनीलाही न्यायालयाचा दरवाजा न ठोठावता, धनकोंच्या देखरेखीखाली आवरते घेता येत असे. इंग्लंडमध्ये तशी सोय आजही आहे. आपल्याकडे २०१३ च्या कायद्यातली ऐच्छिक समापनाची कलमे अंमलात येण्याआधीच वगळली गेली आणि १ एप्रिल २०१७ पासून कलम ५९ एवढेच उरले. छोट्या कंपन्यांच्या दृष्टीने ही सोय काढून टाकणे शहाणपणाचे होते असे मला वाटत नाही, पण कायदा आहे तो असा आहे.

दुसरा पर्याय काहीच न करण्याचा, म्हणजे बँकेला सरफेसीने वसुली करू देण्याचा होता. त्यात गाळा, यंत्रे आणि साठा बँकेच्या तारणातला असल्याने बाकीच्यांच्या हाती धुपाटणेही येणार नव्हते. कंपनी अवसायनात नसेल तर कामगारांना बँकेच्या बरोबरीने हिस्सा मागण्याचा आधारही उरत नाही.

तिसरा पर्याय व्यापाऱ्यांनी स्वतः संहितेच्या कलम ९ खाली कंपनीविरुद्ध नादारी प्रक्रियेसाठी अर्ज करण्याचा. मार्च २०२० पासून त्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक कोटी आहे आणि सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याचे घेणे ६२ लाखांचे होते. पुरवठादारांना आपापली घेणी एकत्र करून एकच अर्ज करता येत नाही. कागदोपत्री एक पळवाट होती : संहितेतील व्याख्येप्रमाणे घेणे कायदेशीररीत्या दुसऱ्याच्या नावे करून देता येते, तेव्हा चौघांनी आपली घेणी एकाच्या नावे केली असती तर मर्यादा ओलांडली असती. बैठकीत ही कल्पना मांडली गेली आणि पाचच मिनिटांत बारगळली, कारण कोणी कोणाच्या नावे करायचे यावर एकमत होण्याइतका विश्वास सूत बाजारात नव्हता.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या विलंबित देयकांसाठी असलेल्या सुविधा परिषदेकडे सायझिंग आणि डायहाउसवाले जाऊ शकत होते. सूत व्यापाऱ्यांना तो मार्ग नव्हता : २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती प्राधान्यक्षेत्र कर्जापुरती, विलंबित देयकांच्या संरक्षणासाठी नव्हे. उद्यम प्रमाणपत्र फ्रेम करून पेढीत टांगलेल्या दोघांना हे पटवून देणे जड गेले.

राहता राहिला कलम १०, म्हणजे कंपनीने स्वतःहून ‘आम्ही देणे फेडू शकत नाही’ असे मान्य करून निराकरण प्रक्रियेसाठी (कंपनी सावरण्याची योजना शोधायची, न मिळाल्यास अवसायन) अर्ज करण्याचा. त्याला भागधारकांचा विशेष ठराव लागतो आणि संचालकांच्या हातून कारभार जातो. संचालकांना तो नको होता, हे उघड आहे.

सहीचा निर्णय

बैठक ऑगस्टमध्ये, शहराच्या पूर्व भागातल्या एका पेढीच्या माडीवर झाली. दोघे भाऊ आले होते, आणि न बोलावता कारखान्याचा जॉबर (मागांवरचा मुकादम) व चार कामगारही आले. मराठी आणि तेलुगू आलटून पालटून चालली होती. धाकट्या भावाने संमतिपत्रे वाटायला घेतली तेव्हा जॉबर म्हणाला, “मालक, सह्या मागनं होतील. आधी आमच्या हप्त्याचं बोला.” आठवड्याच्या पगाराच्या या मागणीला कोणी उत्तर दिले नाही.

आकडेमोड अशी होती. दोन तृतीयांश म्हणजे ४ कोटी ६० लाख. बँकेची शाखा तोंडी अनुकूल होती. तिचे ३ कोटी ६० लाख आणि कुटुंबीयांचे ६० लाख मिळून ४ कोटी २० लाख होत. कलम ५९ मध्ये संबंधित व्यक्तींचे मत वगळलेले नाही, हे इथे महत्त्वाचे. कमी पडत होते फक्त ४० लाख, आणि ६२ लाखांच्या एकट्या व्यापाऱ्याच्या सहीने काम भागत होते. म्हणून त्याला आदल्या दिवशी वेगळा निरोप गेला होता : सही करा, निर्यातदाराकडून जे येईल त्यातले २० लाख ठरावाआधी तुमच्या खात्यात टाकतो.

सहीऐवजी मागील दोन वर्षांचे बँक उतारे मागावेत, असा सल्ला आम्ही दिला. मोठ्या भावाने ते आठवड्याने दिले, त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. उताऱ्यात नोव्हेंबर २०२२ ची ३८ लाखांची एक नोंद निघाली. थोरल्या संचालकाच्या पत्नीचे बिनतारण कर्ज एका हप्त्यात परत केलेले होते. त्याच महिन्यात अकरांपैकी नऊ व्यापाऱ्यांना एक रुपयाही गेला नव्हता.

संबंधित व्यक्तीला दिलेले असे झुकते माप कलम ४३ खाली उलटवता येते, पण ते नादारी प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे दोन वर्षांच्या आत असावे लागते. इतरांच्या बाबतीत ही मुदत एक वर्षाची आहे. प्रक्रिया नोव्हेंबर २०२४ च्या पुढे गेली असती तर ही नोंद कायद्याच्या आवाक्याबाहेर गेली असती. व्यापाऱ्यांनी एकमुखाने संमती नाकारली आणि कलम १० चा अर्ज करावा, असे लेखी कळवले. ६२ लाखांच्या व्यापाऱ्याने दोन दिवस घेतले, पण तोही आला.

काय केले गेले

शपथपत्र खोटे ठरेल हे वकिलाने समजावल्यावर संचालकांनी सप्टेंबरमध्ये विशेष ठराव केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज गेला. बँकेने विरोध केला. अर्ज दाखल करून घेतला की कलम १४ ची स्थगिती लागते आणि सरफेसीची कारवाई थांबते. कंपन्या त्यासाठीच कलम १० वापरतात, हा बँकांचा संशय पुष्कळदा खराही असतो. इथे दोन गोष्टींनी विरोध सौम्य झाला. स्थगिती हमीदारांना लागू होत नाही, त्यामुळे दोन्ही भावांच्या वैयक्तिक हमीवर बँकेचा हक्क शाबूत राहत होता. दुसरे म्हणजे ३८ लाख परत आणण्याचा अधिकार बँकेला सरफेसीत नव्हता, तो प्रक्रियेत कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्या निराकरण व्यावसायिकाला होता.

अर्ज मार्च २०२४ मध्ये दाखल करून घेतला गेला. धनको समिती कर्ज देणाऱ्यांची असते, माल पुरवणाऱ्यांची नव्हे, आणि तीत संबंधित कर्जदात्यांना मत नसते. कुटुंबीय बाहेर पडले आणि बँक एकटीच समिती झाली. या टप्प्यावर व्यापाऱ्यांच्या हाती काही उरले नाही. चालू धंदा नसलेल्या कारखान्यासाठी निराकरण योजना येणार नाही हे दिसतच होते. समितीने दुसऱ्याच बैठकीत कलम ३३(२) खाली अवसायनाचा निर्णय घेतला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तसा आदेश झाला.

सर्वांत कष्टाचे काम कामगारांच्या दाव्यांचे निघाले. हजेरीपत्रकावर ४६ नावे होती, प्रत्यक्षात ७० जण काम करत होते. कारखाना बंद करण्याआधी ६० दिवसांची सूचना देण्याचे बंधन तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात ५० कामगारांपासून सुरू होई, तेव्हा ४६ हा आकडा योगायोगाचा नव्हता. उरलेल्या २४ जणांकडे नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नाही. पुरावा होता तो जॉबरच्या शंभर पानी वहीत : डावीकडे माग क्रमांक, मध्ये डझन, उजवीकडे शनिवारी दिलेला हप्ता आणि जिथे पैसे राहिले तिथे लाल पेनाने गोल. अवसायकाने ती वही कारखान्याच्या कटिंग नोंदींशी आणि संचालकांच्या मोबाइलवरून झालेल्या यूपीआय व्यवहारांशी ताडून पाहिली. २४ पैकी १७ दावे मान्य झाले. शिलाई आणि कांडीवर काम करणाऱ्या सात बायकांची नावे त्या वहीत नव्हती, कारण त्यांचा हिशेब तोंडी होता.

निष्पत्ती

गाळ्याचा पहिला ई-लिलाव बोलीविना गेला. राखीव किंमत उतरवल्यावर भाडेपट्टा आणि इमारत मिळून २ कोटी ३५ लाख आले. यंत्रांचे ६२ लाख, साठ्याचे १४ लाख (बंद गोदामात उंदीर आणि ओल यांनी निम्मा टॉवेल खाल्ला होता) आणि निर्यातदाराकडून तडजोडीचे ४० लाख आले. कलम ४३ चा अर्ज दाखल झाल्यावर संचालकाच्या पत्नीने न्यायाधिकरणाच्या संमतीने ३० लाख परत केले. एकूण ३ कोटी ८१ लाख.

भविष्य निर्वाह निधीचे ५ लाख अवसायन मालमत्तेत धरले जात नाहीत, ते बाजूला निघाले. प्रक्रियेचा खर्च ३६ लाख झाला. उरलेले ३ कोटी ४० लाख कलम ५३ च्या क्रमाने वाटले गेले. बँकेने तारण अवसायनात सोडून दिल्यामुळे तिचे मान्य ३ कोटी ७८ लाख आणि कामगारांचे मागील २४ महिन्यांचे मान्य ३० लाख एकाच पायरीवर आले, आणि दोघांनाही रुपयाला सुमारे ८३ पैसे मिळाले : कामगारांना २५ लाख, बँकेला ३ कोटी १५ लाख. पैसे तिथेच संपले. सूत व्यापारी बऱ्याच खालच्या पायरीवर असल्याने त्यांना अवसायनातून काहीही मिळाले नाही.

व्यापाऱ्यांपैकी ज्यांना काही मिळाले ते प्रक्रियेबाहेर. चौघांनी संचालकांच्या सहीचे धनादेश तीन महिन्यांच्या मुदतीत वटायला टाकले होते, परत आल्यावर ३० दिवसांत नोटीस दिली होती आणि पुढच्या मुदतीत फिर्यादही केली होती. स्थगितीमुळे धनादेश न वटल्याबद्दलची कलम १३८ ची कारवाई कंपनीविरुद्ध थांबते, सही करणाऱ्या संचालकांविरुद्ध नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निर्णय आहे. चौघांपैकी तिघांनी भावांकडून, त्यांच्या खासगी पैशातून, रुपयाला ४० पैशांच्या आसपास तडजोड केली. सायझिंगवाल्याने तर जून २०२३ मध्येच, तयार बीम (खळ दिलेल्या सुताचे रूळ) त्याच्या ताब्यात असताना, मजुरी चुकती केल्याशिवाय ते सोडले नव्हते. करार कायद्याने त्याला तो हक्क होता आणि तो त्याने कोणालाही न विचारता वापरला.

काय वेगळे करता आले असते

संचालकांनी मे २०२२ मध्ये बांधलेला भाव मोडून नुकसानभरपाई पत्करली असती, तर ती पुढच्या तोट्याच्या मानाने लहान ठरली असती. बँकेने जूनमध्ये नोटीस दिली, पण साठ्याची पाहणी केली ती सहा महिन्यांनी.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत मला दोन जागा महत्त्वाच्या वाटतात. पहिली उधारी देतानाची. कंपनीच्या मालमत्तेवर कोणाचा किती बोजा आहे हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाममात्र शुल्कात पाहता येते. अकरांपैकी एकानेही ते पाहिले नव्हते. पाहिले असते तर गाळा, यंत्र, साठा आणि येणे बाकी सगळेच बँकेकडे आहे हे कळले असते, आणि मग वैयक्तिक हमी किंवा आगाऊ रकमेखेरीज गाडी उतरवण्यात अर्थ नव्हता. ‘पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी आमची’ असे बिलावर छापून सुताच्या धंद्यात फारसे साधत नाही, कारण आठवड्यात सुताचा टॉवेल होतो. दुसरी जागा धनादेशांची. सात जणांनी संबंध बिघडू नयेत म्हणून ते गल्ल्यात ठेवले आणि मुदत गेली.

संमती नाकारण्याबाबत बाजारात आजही दोन मते आहेत. नकारामुळे ३० लाख परत आले आणि कामगारांना हिस्सा मिळाला, पण नकार देणाऱ्यांच्या पदरात काही पडले नाही, हे खरे आहे. संमतिपत्र हातात असताना भावांकडून, कंपनीच्या नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या पैशातून, सर्व व्यापाऱ्यांसाठी एक तडजोड काढता येते का हे आधी पाहायला हवे होते. धनको समिती झाल्यावर तशी संधी पुन्हा आली नाही. मात्र ६२ लाखांचा व्यापारी अजून म्हणतो की त्याने ते २० लाख घ्यायला हवे होते, तेव्हा मी त्याच्याशी सहमत नाही. ते पैसे कंपनीचे होते, ऑगस्ट २०२३ मध्ये दिले गेले असते आणि प्रक्रिया मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. एक वर्षाच्या आतली ती रक्कम अवसायकाने परत मागितली असती, आणि तोपर्यंत त्याने तिच्यातून नव्या सुताची गाडी भरलेली असती.